शिमग्याआधीच्या नर्सबाई

होळीची लाकडं जमू लागली की आमच्या नर्सबाई चहासुद्धा उभ्यानंच घ्यायच्या. "चाकरमानी यायच्या आत मला पोचायला हवं," म्हणायच्या. महाड-पोलादपूरकडचे कितीतरी नवरे मुंबईच्या गिरण्यांत. ते शिमग्याला आणि गणपतीला घरी येत आणि पुढे नऊ महिन्यांनी बाई बाळंतपणांमागे धावत. त्यामुळे सणाआधीचे दिवस हाच बाईंचा खरा हंगाम.

सरकारी दवाखान्यातल्या या बाई आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत. मी पाचगणीची इंग्रजी शाळा संपवून नुकतीच महाडला परतले होते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. बाईंनी त्यातच माझा उपयोग पाहिला. "तू कुणाचं कुणाला सांगणार नाहीस. चल," म्हणून त्या मला आईकडून मागून घेत. पिशवी धरायची, एवढंच माझं काम.

एकदा दवाखान्याच्या साहेबांनी कशेडी घाटाखालच्या एका वाडीवर कर्णा लावून जीप पाठवली. कर्ण्यातून 'कुटुंबनियोजन' ऐकू आलं आणि ऑपरेशनला धरून नेतील या भीतीनं सगळ्या बाया रानात पळाल्या. मागे राहिलेल्या एका म्हातारीशी गप्पा मारून बाई परतल्या. त्यानंतर त्या वाड्यांवर चालतच जात.

त्यांची खरी कचेरी म्हणजे नदीकाठच्या सव गावातलं गरम पाण्याचं कुंड. सांधे धरलेल्या सासवा तिथे न्हायला येत, सोबत सुना असत. बाई पदर खोचून पाण्यात पाय सोडत आणि एखादीचे गुडघे चोळता चोळता विषय काढत. मी नदीकडे बघत बसे. "लाजल्यानं पोट राहायचं थांबत नाही, बाळ," बाई मला म्हणत.

त्या वर्षी शिमग्याआधी कुंडावर तानाकाकी आणि तिची सून सुंदरा आल्या होत्या. सुंदराचं चौथं बाळंतपण बाईंनीच केलं होतं. तेव्हा रक्त थांबता थांबत नव्हतं. पुन्हा दिवस गेले तर ही वाचायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि नवरा मुंबईहून यायला चारच दिवस उरले होते. सुंदरा तान्ह्याला घेऊन काठाशी बसली होती.

"काकी, हिला मूल थांबवायचा लूप बसवून घेऊ द्या," बाई म्हणाल्या.

"नाय गो बाय. देव देतो तं आपन कोन अडवनार?"

"देवानं चार दिली. त्या चौघांना आई नको?"

काकी गुडघ्यावर पाणी ओतत राहिली. मग म्हणाली, "पोरगा येल तवा हिला माज्याजवळ निजवीन."

"शिमगाभर?"

"शिमगाभर."

"आणि गणपतीत?"

"तवा काकी दारात आडवी पडंल!" पाण्यातून कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या खिदळल्या. काकीही हसली. मग तिची नजर सुनेकडे गेली आणि हसू मावळलं.

"दुखंल काय गो तिला?"

"थोडं. बाळंतपणाएवढं नाही."

"मंग बसव. पन माज्या पोराला यातलं काय कळता नये."

सुंदरा तेव्हा पहिल्यांदा बोलली. "आजच जाव या, आत्याबाय?"

सुंदराच्या घरी पुन्हा पाळणा हलला नाही. पावसाळ्यात ती भातलावणीला उभी राहिली.

पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली. मी एसटी स्टँडवर पोचवायला गेले होते. बाई गाडीत बसल्या तोच तानाकाकी धाकट्या लेकीला ओढत धावत आली. मुलगी जेमतेम सोळाची.

"बाय, हिचं लगीन ठरलंय. सुंदरासारकं हिचं व्हाया नको. आमाला बोलाया लाज वाटते, तू सांग."

गाडी सुरू झाली होती. बाईंनी खिडकीतून मुलीच्या गालाला हात लावला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ही सांगेल. हिला सगळं ठाऊक आहे."

गाडी वळणापलीकडे गेली. काकी लांब जाऊन पाठ फिरवून बसली. मुलगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी होती. मी तिला बाजूच्या बाकावर बसवलं.

"लग्न झालं की लगेच मूल व्हायलाच हवं, असं नसतं," मी म्हणाले.

तिनं मान वर केली. "नसतं?"

"नसतं," मी म्हणाले, आणि तिच्याजवळ सरकून पुढचं सांगू लागले.