तिसरा पुकारा

माझ्या बायकोच्या मामांइतका संतापी माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतकं कायद्याला धरून संतापणारं तर दुसरं कुणी मला भेटलंच नाही. लोक भाजीत मीठ कमी पडलं म्हणून चिडतात, एसटी चुकली म्हणून चिडतात. मामा चिडायचे ते चुकीचा शब्द चुकीच्या माणसाला लावला म्हणून. आयुष्यभर त्यांनी धाराशिवच्या कोर्टात पुकारे केले. बिल्ला लावून दाराशी उभं राहायचं, आतून नाव आलं की व्हरांड्यात येऊन तीनदा ओरडायचं, एवढीच नोकरी. नोकरीला लागले तेव्हा निजामाचा अंमल होता आणि ते मुद्दई-मुल्जिम पुकारायचे. पुढं कारभार मराठीत आला तसे वादी-प्रतिवादी आणि फिर्यादी-आरोपी पुकारू लागले. शेवटचं 'हाजिर है?' मात्र त्यांनी कुणाच्या बापाला बदलू दिलं नाही. आवाज असा, की कोर्टासमोरच्या हॉटेलात बसलेला पक्षकार हातातली भजी टाकून उठायचा.

पेन्शनीत निघाल्यावर ते ढोकीजवळच्या आमच्या गावी, आमच्या वस्तीत येऊन राहिले, कारण भाचीशिवाय त्यांचं मागे कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या खाटेवर बसलो तर कडाडले, "जावाई, ताबा तुमचा हाय, मालकी माझी हाय. घोळ करू नका." मी उठलो तर म्हणाले, "बसा की! ताबा सोडा म्हणलं का म्या?" चहा हवा असला तरी ते भाचीला नुसती हाक मारत नसत. तिचं नाव, माझं नाव, वय, धंदा घरकाम, हाजिर है? असं तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही चहा आला नाही तर 'गैरहजर' म्हणून तोंड फिरवून बसायचे, मग आणलेला चहाही घ्यायचे नाहीत. बायकोला त्याचं कौतुक वाटायचं. मला नाही वाटायचं, माझ्या बायकोचं वय रोज चार वेळा गावाला कळत होतं.

त्यांनी सगळ्या जगाचे तीन कप्पे केले होते. "माझं-तुझं आलं की दिवाणी. मारलं-चोरलं आलं की फौजदारी. आन् समोरच्याला माणूस मानायचं का न्हाय, हितं आलं की राज्यघटना." कुठलीही भानगड त्यांच्यासमोर नेली की आधी कप्पा ठरायचा, मग राग. एकदा परंड्याच्या गाडीत आम्ही चढलो, तर खिडकीतून रुमाल टाकून एकाने जागा धरलेली. मामा त्या रुमालाशेजारी उभे राहिले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "रुमाल म्हंजे ताबा नव्हं. रुमाल म्हंजे नुसता दावा! दावा केला म्हून जागा मिळती का?" रुमालवाला धट्टाकट्टा होता, तो अस्तन्या सारू लागला. मामा आनंदाने म्हणाले, "मारा. मंग दिवाणीचं फौजदारी व्हईल." तो बिचारा मागे सरला. गंमत म्हणजे मामाही बसले नाहीत. फैसला होईपर्यंत जागा कुणाचीच नाही, म्हणून परंड्यापर्यंत स्वतः उभे राहिले आणि मलाही उभं ठेवलं.

ढोकीच्या एका हॉटेलात आमच्या वस्तीच्या लोकांसाठी वेगळ्या कपबश्या असायच्या, बाहेरच्या कोनाड्यात. पिऊन झालं की आपली आपण धुऊन ठेवायची. आम्ही मुकाट ठेवत होतो, खोटं कशाला सांगू. मामांनी कोनाड्याकडे पाहिलं, सरळ आत गेले, गल्ल्यासमोर उभे राहिले आणि पुकाऱ्याच्या आवाजात बोलले, "भारताची राज्यघटना, कलम सतरा, हाजिर है?" अस्पृश्यता बंद करणारं हे कलम तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. मालकाला वाटलं कुणी साहेब चौकशीला आलाय. दुसऱ्या पुकाऱ्याला त्याने आतल्या कपात चहा ओतला, तिसऱ्याला कोनाडा रिकामा केला. मामा चहा पिऊन बाहेर आले. मी म्हणालो, "मामा, जिंकलो की आपण!" तर माझ्यावरच उखडले. "जिकलो? हक्क व्हता माझा. हक्काला कुणी जिकणं म्हणतं व्हय?"

पण त्यांचा खरा जीव होता तो 'आरोपी' या शब्दावर. गावातला एक पुढारी मारामारीच्या भानगडीत आत गेला आणि जामिनावर सुटून आला, तेव्हा त्याच्या माणसांनी हलगी लावून गुलाल उधळला. मामा मिरवणुकीला आडवे गेले. "जामीन म्हंजे सुटका न्हाय! तारखेला येतो म्हून दिलेला शबुद हाय त्यो. गुलाल पुसा!" त्याच संध्याकाळी पाराजवळ विरोधी पार्टीचे लोक त्या पुढाऱ्याला गुंड म्हणत बसले होते. मामा तिथंही भिडले. "गुंड न्हाय. आरोपी! शाबीत व्हईस्तवर निस्ता आरोपी. शाबीत करायचं काम बोंबलणाऱ्याचं, त्याचं न्हाय." दोन्ही पार्ट्यांनी त्यांना वाळीत टाकायचं ठरवलं. त्यावरही मामांनी त्यांना बजावलं, की बहिष्कार घालणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं. मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि हसणं संपलं. गावाला खडी फोडायचं काम निघालं. कामावरच्या पोरांसाठी सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोड खाऊ, यायची, तिची पोती सोसायटीच्या गोदामात ठेवत. वस्तीतली गयाबाई, नवरा वारलेली, पदरी दोन लेकी, ती ही सुकडी कामावर वाटायची. एके दिवशी एक पोतं नाहीसं झालं. सोसायटीच्या चेअरमनने पारावर बसून पानाला चुना लावता लावता म्हटलं, "गयाबाईनंच नेलं आसंल." आसंल! एवढ्या एका शब्दावर दिवस मावळायच्या आत गयाबाई 'सुकडीचोर' झाली. सकाळी मुकादमाने तिला हजेरीतून काढलं. टँकर विहिरीत पाणी ओततो तिथं बायांनी तिची घागर बाजूला सारली. काम नाही आणि पाणी नाही, तेही त्या साली. दोन लेकींना घेऊन ती जाणार तरी कुठं होती? आजही हे लिहिताना माझ्या कानशिलात ठणका लागतो, आणि तो फक्त गावावरच्या रागाने नाही. मी त्याच सोसायटीत कारकून होतो. गोदामाची एकुलती एक किल्ली चेअरमनच्या करगोट्याला असते हे मी रोज पाहत होतो. गयाबाईच्या हाती पोतं यायचं ते त्याने कुलूप काढून दिल्यावर.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं सारा गाव जमला, गयाबाईला गावाबाहेर काढायचं की कसं ते ठरवायला. ती लेकींना पोटाशी धरून उन्हात उभी होती. मामा जुना बिल्ला छातीला लावून आले. नोकरी संपल्यावर बिल्ला परत करायचा असतो. तो त्यांच्याकडे कसा राहिला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते कुणाशी बोलले नाहीत. चावडीच्या पायरीवर चढले आणि आकाशाकडे तोंड करून ओरडले, "गयाबाई भ्रतार लिंबाजी, धंदा मजुरी, हाजिर है?"

गयाबाई दचकून म्हणाली, "हाय जी."

"हिच्यावर चोरीचा आळ हाय. चोरी दखलपात्र गुन्हा. पोलिसात कोन गेलं?"

कुणी नाही.

"गोदामाचा पंचनामा कुणी केला?"

चेअरमन म्हणाला, "मामा, गावातली गोस्ट हाय, गावात मिटवू. पोलीस कशाला?"

"मारलं-चोरलं गावात मिटत न्हाय. बरं, ऱ्हाऊ द्या पोलीस. कुणीतरी म्हणलं आसंल ना, हिनं चोरी केली म्हून? त्यो फिर्यादी. त्यानं फुडं यावं, शपथ घ्यावी आन् सांगावं." मग त्यांनी छाती भरून घेतली. "फिर्यादी, हाजिर है?"

चारशे माणसं असतील. चेअरमन पानाचा तोबरा या गालातून त्या गालात फिरवत बसला.

"फिर्यादी, हाजिर है?"

माझ्याशेजारचा मुकादम जमिनीकडे पाहू लागला. मीही पाहू लागलो. मान वर केली तर मामा थेट माझ्याकडे बघत होते. किल्लीचं त्यांना ठाऊक होतं, मीच घरी बायकोजवळ बोललो होतो. आता हे 'साक्षीदार' म्हणून माझं नाव पुकारणार, या भीतीने मी मुकादमाच्या आड सरलो. त्यांनी एकदा ओठ उघडले, मिटले आणि तोंड चेअरमनकडे फिरवलं.

"फिर्यादी, हाजिर है?"

तिसरा पुकारा चावडीवरून निघून समोरच्या माळापर्यंत गेला. कुणी उठलं नाही. मामा खणखणीत आवाजात म्हणाले, "फिर्यादी गैरहजर. प्रकरण खारीज. गयाबाई, घरी जा." आणि आमच्या गावाची कोर्टाच्या पुकाऱ्याला भ्यायची सवय इतकी जुनी, की चारशे माणसं खरोखर मुकाट उठून घरी गेली.

वाटेत मी म्हणालो, "मामा, तो चेअरमनच चोर आहे." मामा थांबले. असा संताप मी त्यांच्या तोंडावर आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. "त्यो बी आजून चोर न्हाय. शाबीत करायला साक्ष लागती, आन् साक्षीदार खाली बघत बसला व्हता." थोडं चालून गेल्यावर हळू म्हणाले, "तुमाला पुकारलं न्हाय, जावाई. भाची दिलीया तुमच्या घरात. माझ्या आख्ख्या नोकरीत नाव आल्यावर पुकारा टाळला न्हाय म्या. आज टाळला." पोतं कुणी नेलं ते अजूनही शाबीत नाही, म्हणून मीही ते इथं लिहीत नाही. लिहायचा अधिकार मी त्या दिवशी चावडीपुढं घालवला.

मुकादमाने चार दिवसांनी गयाबाईला हजेरीवर घेतलं. पण नाव काही गेलं नाही. विहिरीवर बाया आता मोठ्याने बोलत नसत, नुसत्या 'सुकडीचोर' म्हणून कुजबुजत, आणि तिची घागर शेवटी लावत. मामा चवताळले. "कोर्टानं सोडली, आन् गावानं धरून ठिवली! हिचं अपील कुठं करायचं?" अपील त्यांनी स्वतःच केलं. रोज सकाळी टँकर आला की विहिरीवर जाऊन उभे राहायचे आणि पहिला पुकारा तिचा. "गयाबाई भ्रतार लिंबाजी, धंदा मजुरी, हाजिर है?" पूर्ण नाव, त्यात एक शब्द जास्त नाही. ती 'हाय जी' म्हणायची आणि रांगेत आपल्या जागेवर घागर लावायची. पुढं पाऊस पडला, टँकर गेला, काही वर्षांनी विहिरीच्या जागी नळ आला, गयाबाईच्या लेकी नांदायला गेल्या. पुकाऱ्यातून तिचं वय तेवढं मामांनी पहिल्यापासून गाळलं होतं, कारण ते त्यांना नक्की माहीत नव्हतं आणि अंदाजाने बोलणं त्यांना मान्य नव्हतं. बाकी रोज तेच. आम्ही म्हणायचो, मामा, आता कुणी तिला तसं म्हणत नाही. ते म्हणायचे, "मोठ्यानं म्हणत न्हाईत."

मामा गेले तेव्हा मी परगावी होतो, पोचलो ते मातीला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला गेलो. नळ सुरू होता, रांग सरकत होती. गयाबाई आता म्हातारी झालेली. तिचा नंबर आला, पण ती रिकामी घागर कडेवर घेऊन तशीच उभी. रांगेत तिच्यामागे उभी असलेली कुणाची तरी सून म्हणाली, "आजे, लाव की घागर."

"पुकारा व्हायचाय आजून," गयाबाई म्हणाली.

नळाचं पाणी वाहून चाललं होतं. मी खाली पाहत होतो. मग मान वर केली आणि तिचं नाव घेतलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा चिरका आला, पुढच्या दोघीतिघींना ऐकू गेला असेल. तिसऱ्यांदा मात्र मी डोळे मिटून, होतं नव्हतं तेवढं ओरडलो.

"हाय जी," ती म्हणाली, आणि तिने घागर लावली.