दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘नको’

देवीवर माझा विश्वास होता, डोंगरावर नव्हता. गेल्या पावसाळ्यात उत्तराखंडातल्या त्या देवीच्या वाटेवरचा बाजार ढगफुटीत वाहून गेला. त्याचे व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिले की डोळे मिटले तरी पाणीच दिसायचं. यंदा रस्ता सुरू झाला होता, यात्रेला परवानगीही मिळाली होती. तरी आमच्या अयोध्या नगर वसाहतीतली दरवर्षी पहाडात जाणारी मंडळी पुरीला नि द्वारकेला निघाली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "समुद्र समोर दिसतो तरी. पहाडाचा काही भरोसा नाही हो." वादळं समुद्रावरही येतात, हे मलाही ठाऊक होतं. पण मला वहिनींचंच म्हणणं ऐकायचं होतं.

अडचण घरात होती. तीन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा हिनं त्या देवीला नवस केला होता, ‘हे बरे झाले की जोडीनं ओटी भरायला येऊ.’ आधी डॉक्टरांनी चढ नको म्हटलं, मग ढगफुटी झाली. यंदा खण-नारळ आणून ठेवलेले, खोली सांगून ठेवलेली, आणि मी टाळाटाळ करतोय. शेवटी ही म्हणाली, "देवापुढे चिठ्ठ्या टाकू. देवी म्हणेल तसं." हिच्या माहेरी लग्नंसुद्धा अशीच ठरत.

चिठ्ठ्या मी लिहिल्या. दोन्हींवर ‘नको’ लिहिलं. बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहून मी तीस वर्षं तिथे तपासणीचं काम केलं. न मोजता कुणी माप लिहिलं की त्याला फैलावर घ्यायचो. आणि त्या सकाळी देव्हाऱ्यापुढे मीच खोटं लिहून मोकळा झालो. हिनं डोळे मिटून एक चिठ्ठी उचलली, वाचली, कपाळाला लावली. दुसरी मी पटकन खिशात घातली. हिनं वाद घातला नाही. खण-नारळ कपाटात ठेवताना एवढंच पुटपुटली, "माझंच काही चुकलं असेल." ते मला फार लागलं. तरी ती दुसरी चिठ्ठी मी खिशातच ठेवली.

दुपारी खोली रद्द करायला तिथल्या लॉजवाल्याला फोन केला. "कोई बात नहीं, साहब. इस साल सब मना कर रहे हैं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. दर्शनाला येणार होतात की फिरायला, असं त्यानं विचारलं, तेव्हा मी नवसाचं सांगितलं. "तो भाभीजी का नाम-गोत्र बता दीजिए. मैं ऊपर जाकर उनकी तरफ़ से चुनरी चढ़ा दूँगा. मन पर बोझ मत रखिए." बोलता बोलता कळलं, त्याचा सख्खा भाऊ त्या बाजाराबरोबरच वाहून गेला होता. न राहवून मी विचारलं, तरी तुम्ही वर जाता? "जाता हूँ. पूछता कुछ नहीं, बस थोड़ी देर बैठ आता हूँ."

हिला असं फसवून हिचं नाव देणं मला जमेना. थोड्या वेळानं करतो म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन खिशातली चिठ्ठी हिच्या हातात दिली. मला माझी अतिशय लाज वाटत होती.

हिनं कागद उलगडून वाचला. मग म्हणाली, "देवाला विचारतात ते आपल्याला कळत नाही म्हणून. तुम्हाला तर काय हवंय ते कळत होतं. अहो, भीती वाटते एवढं मला सांगितलं असतं, तर मी अडून बसले असते का?"

"वाटते भीती," मी म्हणालो. "पण जाऊ या."

पुढच्या महिन्यात गेलो. देवळात रांग नव्हती. पुजाऱ्यानं हवा तेवढा वेळ बसू दिलं, पण त्या मोकळेपणाचं कारण ठाऊक असल्यानं त्याचं सुख वाटलं नाही. हिनं ओटी भरली. लॉजवाला आमच्या मागे भिंतीला टेकून बसला होता. मी काही मागितलं नाही. त्याच्यासारखंच नुसतं बसून पाहिलं, आणि फार दिवसांनी मन निवांत झालं.

देवीनंच त्या माणसाच्या तोंडून बोलावलं, असं ही म्हणते. मी वाद घालत नाही. त्या आवाजाचे उपकार मी विसरणार नाही, मग तो कुणाचाही असो. भीती गेली, असं मात्र नाही. परतताना कोसळलेल्या कड्याखालून गाडी जाऊ लागली तेव्हा मी हिचा हात घट्ट धरला, आणि का धरला ते तिला सांगितलं.