इटलीतल्या घराचं नाव 'येतो'

मंडळी, आज इथे अमेरिकेत ऑफिसच्या कामात लक्षच लागत नाहीये.

माझा नवरा मार्को इटालियन-अमेरिकन. इटलीत त्याच्या पणजोबांचं घर आहे, वर्षानुवर्षं बंद. यंदा रिपेअर केलं, तर म्हणाला, "नाव तू दे, मराठीत." मागे ते घर बघून निघताना मी सवयीने त्या घरालाच "येतो हं आम्ही" म्हटलं होतं. 'जातो' म्हणत नाहीत ना आपल्यात! तेच नाव दिलं, 'येतो'.

आज सकाळी दारावर पाटी लागल्याचा फोटो आला. सासूबाईंना दाखवला, अर्थ सांगितला. त्यांचा चेहराच उतरला.

"माझे आजोबा अमेरिकेला निघाले, तेव्हा त्याच दारात आपल्या आईला हेच म्हणाले होते. परत गेलेच नाहीत. ती मरेपर्यंत दाराला कडी लावत नव्हती."

अंगावर काटा आला. तडक पुण्याला आईला फोन केला, सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "आतली कडी मीपण नाही लावत गं. लावली तर तुझी किल्ली कशी चालेल?"

तेव्हापासून ती किल्ली शोधतेय, यार. तुमची सापडते का बघा.