हरणाला कुठली रायफल

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा सीझन उघडायचा आणि आमची लॅब ओस पडायची. आमचे प्रोफेसर दरवर्षी भावाबरोबर डोंगरातल्या केबिनवर जात. ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल, त्या वर्षी ते म्हणाले, गाडीत आणखी एकाला जागा आहे. लॅबमध्ये नवे आम्ही दोघंच, मी आणि माझा रूममेट. तो पुण्याच्या डॉक्टरांचा मुलगा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तो अंडंसुद्धा खात नसे, त्यामुळे जागा माझीच, असं मी धरून चाललो.

परीक्षेला बसावं तसा मी अभ्यास केला. लायब्ररीतली शिकारीची मासिकं वाचून काढली, रायफलींचे नंबर पाठ केले. दाट झाडीत, जवळून मारायचं तर थर्टी-थर्टी. मोकळ्या रानात लांबून मारायचं तर टू-सेव्हन्टी. टू-फॉर्टी-थ्रीचा धक्का कमी, तरी हरणाला पुरते. थर्टी-ओ-सिक्स सगळीकडे चालते, पण खांद्याला जोरात बसते. शिकारीच्या परवान्यासाठी सक्तीच्या सेफ्टी कोर्सला रूममेटही सहज म्हणून आला, पण तिथेही मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क पडले.

ऑक्टोबरात सर आम्हाला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेले. टेबलावर दोन रायफली ठेवून त्यांनी विचारलं, "कुठली घेशील?"

"थर्टी-ओ-सिक्स," मी लगेच म्हणालो आणि का तेही सांगितलं. सरांनी कौतुकाने ऐकलं.

रूममेट म्हणाला, "मला यातलं काहीच कळत नाही, सर. तुम्हीच सांगा."

सरांनी त्याच्या हातात टू-फॉर्टी-थ्री दिली. मग त्याच्या मागे उभं राहून खांदा कसा ठेवायचा, गाल कुठे टेकवायचा, श्वास कधी सोडायचा, सगळं दाखवलं. मला काही दाखवलं नाही. मला येतं असं मीच सांगून बसलो होतो. त्याच्या गोळ्या निशाणाच्या कागदावर नीट लागल्या, पण नेमापेक्षाही मला त्याच्या त्या वाक्याचा हेवा वाटला. "माहीत नाही" म्हणायला मला कधी जमलंच नव्हतं. ते म्हणणाऱ्याला शाळेत मागे बसवत.

पहिल्याच गोळीने माझा खांदा बधिर झाला. पुढच्या गोळ्या कागदाला लागल्याच नाहीत. सरांनी रायफल घेतली, माझ्याकडे पाठ करून काहीतरी केलं आणि परत दिली. मी नेम धरला, चाप ओढला. नुसतं टक् झालं. आत गोळी नव्हतीच, तरी नळी माझ्या हातात झटक्याने खाली गेली. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनीही ते पाहिलं.

"धक्का बसायच्या आधीच तू दचकतोयस," सर म्हणाले. "त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण अशाने हरीण जखमी होऊन पळतं. ही हलकी घेऊन बघ."

"नको सर, मला हीच बरी वाटते."

असं का म्हणालो, मला नीट सांगता येत नाही. गाडीतली जागा रूममेटला मिळाली.

तो रिकाम्या हाताने परत यावा, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. तो आला तो हरणाच्या मांसाचं पुडकं घेऊन.

"सरांनी तुझ्यासाठी दिलंय. खा, मी आपला वरणभात खातो."

मी गरम मसाला घालून शिजवलं. चवीला चांगलं झालं, याचाही राग आला.

संक्रांतीला एका काकांच्या बेसमेंटमध्ये मराठी मंडळी जमली. रूममेटभोवती घोळका झाला.

"काय रे शिकारी, आईला कळवलंस का?" काकांनी विचारलं.

"कळवलं ना. कॅम्पिंगला गेलो होतो म्हणून."

सगळे हसले. "आणि बंदूक कुठली होती?"

"ते याला विचारा, काका. मला तो नंबर लक्षातच राहत नाही, यार."

सगळे माझ्याकडे वळले. मी टू-फॉर्टी-थ्री म्हणजे काय ते सांगितलं. धक्का कमी का बसतो आणि नवख्याला तीच का द्यावी, तेही सांगितलं.

"बरंच माहीत आहे की तुला," काका म्हणाले. "तूही गेला होतास?"

"नाही."

"बरं," असं म्हणून काकांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि ते त्याच्याकडे वळले. "हं, मग? हरीण दिसलं, पुढे काय झालं?"