पाण्याने भरलेली टाकी

माझे थोरले दीर पत्र्याचं काम करतात. लोक त्यांना ठोकेबुवा म्हणतात, आणि हे नाव नुसतं पत्रा ठोकण्यावरून पडलेलं नाही. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की त्याचा डबा भिंतीवर आपटायचा, दार अडकलं की लाथ घालायची, ही त्यांची रीत. त्यांना शांत बघायचं तर झोपेत बघावं. जाऊबाई म्हणतात, झोपेतही दात खातात. देवाने हे हात घडवायला दिले की फोडायला, असं मी देवापुढे बसून कितीदा विचारलं असेल. तो काही बोलत नाही. त्यालाही भावजींची भीती वाटत असावी.

सासऱ्यांची बोट वाटणीत आमच्या ह्यांच्याकडे आली तेव्हा भावजींनी लाकडी मोगरी अशी हाणली, की ह्यांचे पुढचे दात अंगणात पडले. ह्यांनी रक्त थुंकत भावाला चुलीवर ढकललं. त्या भाजल्याचा डाग भावजींच्या कोपरावर अजून आहे. तेव्हापासून बोलणं बंद. आमचं घर आणि भावजींचा पत्र्याचा कारखाना समोरासमोर, मधे एक गल्ली, पण भाऊ एकमेकांच्या सावलीवरही पाय देत नव्हते. आम्ही जावा मात्र रोज एकमेकींच्या ओट्यावर.

परवा बोटीच्या मोटरची टाकी उकलली. सासऱ्यांच्या वेळची लोखंडी टाकी, मुठीजवळची शिवण सुटलेली. बोट हलली की पेट्रोल बाहेर, आणि शेजारी तापलेलं मशीन. एवढा जुना पत्रा सांधणारा माणूस एकच. हे म्हणाले, "मरेन, पण त्याच्या दारात जाणार नाही." मग मी देवाची शपथ घातली, की टाकी जाऊबाई नेतील आणि तुम्ही भांडण काढायचं नाही.

भावजींनी टाकी बघितली आणि लाथ मारून दाराबाहेर उडवली. "त्याला म्हणावं, बुडव!" थोड्या वेळाने स्वतःच जाऊन उचलून आणली. बापाच्या हाताने झिजलेली मूठ अंगठ्याने पुसली, आत साखळी टाकून खुळखुळवून गंज काढला, धुतली. मग टाकी वाळूच्या पेटीत घट्ट रोवली आणि जाऊबाईंकडून बादल्या मागवून तोंडापर्यंत पाणी भरलं. टाकी रिकामी दिसली तरी पेट्रोलची वाफ आत दडून बसते. जाळ लागला की टाकी फुटते. पाणी भरलं की वाफेला जागाच उरत नाही. तोंडावर ओलं फडकं टाकून ते जेवायला गेले.

जाऊबाई ताट वाढून माझ्याकडे लसूण सोलायला आल्या. इतक्यात हे गल्लीतून आले, हाताला पेट्रोलचा वास.

"बघून आलो तुझ्या दिराचे धंदे," हे मला म्हणाले. "टाकीत पाणी भरून ठेवलं होतं. माझं मशीन बसावं म्हणून! दात पाडून पोट नाही भरलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, तुझी शपथ होती, म्हणून आवाज केला नाही. पाणी ओतून टाकलं, पेट्रोलने विसळली, होती तशी रोवून फडकं घातलं."

बोटवाल्याला टाकीत पाण्याचा थेंब दिसला की तो हेच करणार. जाऊबाईंच्या हातातला लसूण खाली पडला. "अहो, ते पाणी मीच ओतलं! त्याच्याशिवाय हे जाळ लावत नाहीत. एव्हाना जेवून कामाला लागलेही असतील!"

गल्लीपलीकडे पत्रा सांधायच्या गॅसच्या टॉर्चचा फर्रर्र आवाज सुरू झाला.

हे अनवाणी पळाले. आम्ही मागे. "दादा!" म्हणून ओरडले, पण त्या आवाजात ऐकतंय कोण? भावजी निळी ज्योत घेऊन टाकीवर वाकतच होते. ह्यांनी धावत जाऊन त्यांच्या कमरेत डोकं घातलं. दोघे पत्र्यांच्या ढिगावर कोसळले.

"मागून येतोस? भेकडा!" भावजींनी पडल्यापडल्या मोगरी घेतली आणि खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. हे किंचाळले, पण सोडलं नाही. भावजींचा गळा धरून फरपटत त्यांना भिंतीआड नेत होते, भावजी गुडघे मारत होते, आणि जळता टॉर्च वाळूच्या पेटीकडे घरंगळत होता.

मग कानात काहीच उरलं नाही. टाकी शिवणीवर फाटून छपरातून वर गेली. वाळू छऱ्यासारखी अंगावर आली. दारातून मी जाऊबाईंच्या अंगावर पडले.

धूर विरला तेव्हा भावजी उठून बसले होते, भुवया जळालेल्या. छपरातल्या भोकाकडे बघितलं, मग भावाकडे.

"पाणी कुणी काढलं?"

"मी."

भावजींनी खाडकन त्यांच्या कानाखाली वाजवली. मग त्यांना पाठीवर घेतलं आणि शिव्या देत दवाखान्यापर्यंत पळत गेले. "मूर्खा, जड किती झालास! हलू नकोस, नाहीतर दुसरा खांदाही मोडेन!"

डॉक्टरांनी विचारलं, कुणी मारलं?

"टाकीने," दोघे एकदम म्हणाले.

भावजींचा हात काही हलका झालेला नाही. कालच एका गिऱ्हाइकाचं घमेलं रस्त्यावर गेलं. पण ह्यांच्यासाठी त्यांनी कुठूनतरी दुसरी टाकी मिळवली आहे, तीही गळकी. हे एक हात गळ्यात बांधून समोर जातात आणि दुसऱ्या हाताने तिच्यात पाणी ओततात.

"भरलं?"

"भरलं, दादा."

"तुझ्यावर विश्वास ठेवू? वेडा आहे का मी?" भावजी टाकीच्या तोंडात बोट बुडवतात, ओलं बोट ह्यांच्या सदऱ्याला पुसतात, आणि मगच टॉर्च पेटवतात.