वडशाच्या पडद्यावरचा तरोटा

इंदुताईच्या घरून माणूस उपाशी परत गेला, असं पिपरटोल्यात कोणी सांगू लागलं तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतो. आरमोरीपासून आत, धानाच्या बांध्या जिथं जंगलाला टेकतात, तिथलं हे चाळीस घरांचं गाव. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, मंडईला नाटक येतं, आणि नाटकवाल्यांचं जेवण गेली बावीस वर्षं इंदुताईच्या चुलीवर शिजतं. एका वर्षी तिनं नायकाच्या आधी खलनायकाला वाढलं. नायक तोंड फुगवून बसला. इंदुताई त्याला म्हणाली, "तू त गाणेच म्हणून राह्यला होता बाबू. ओरडून ओरडून पोट याचं खाली झालं." तेव्हापासून त्या कंपनीतले नट खलनायकाचं काम मागून घेतात म्हणे. खरंखोटं तेच जाणोत.

इंदुताईची शाळा चौथीपर्यंतच झालेली. पण सिनेमा पाहण्यात ती पदवीधर. वडशाच्या टॉकीजात नवा सिनेमा लागला की शेजारच्या कलाबाईला घेऊन ती निघे. आणि पाहताना गप्प बसत नसे. झाडीपट्टीत नाटक पाहणारा माणूस गप्प बसतच नाही. नट चुकला तर सांगतो, आवडला तर तेच पुन्हा म्हणायला लावतो. तीच सवय तिनं टॉकीजात नेली. एकदा पडद्यावरच्या हिरोनं आईचा फोन वाजू दिला आणि तो खिडकीबाहेर पाहत राहिला. इंदुताई मोठ्यानं म्हणाली, "उचल ना बाबू, मायचा फोन हाये." पुढच्या रांगेतल्या जोडप्यानं जागा बदलली.

निकाल लागे तो परतीच्या काळीपिवळी जीपमध्ये. "मारामारी चांगली होती, पण इतका मार खाऊन कोणी पाणी कसं मागत नाई वं?" "हिरोईनीच्या घरी चूल कुठी हाये तेच समजलं नाई." भरल्या ताटावरून कोणी रागानं उठून गेलं, की तो सिनेमा तिच्या लेखी नापास. मग त्यात कितीही विमानं उडोत.

तर मागच्या आखाडात शहरातून सिनेमावाली मंडळी गावात आली. दोन गाड्या, छत्र्या, पेट्या. त्यांना अंगण पाहिजे होतं. इंदुताईचा नवरा मुखरू भोळा माणूस. त्यानं अंगणच काय, बैलबंडी आणि म्हैससुद्धा देऊन टाकली. इंदुताई त्या वेळी तरोटा शिजवत होती. ज्यानं खाल्ला नाही त्याला सांगायचं तर, पाणी पडलं की बांधाबांधावर आपोआप उगवणारी ही रानभाजी. कोवळी पानं खुडायची, चण्याची डाळ, लसूण, लाल मिरची, वरून जवसाचं तेल. वर्षभर माणसं तिची वाट पाहतात. एक चष्मेवाला पोरगा म्हणाला, "मावशी, तुम्ही करताय तेच करा. बोलू नका फक्त. आणि खाली बघा." न बोलणं तिला जड गेलं, पण पाहुण्याचा मान म्हणून ती गप्प राहिली. लाकडं ओली होती. फुंकर मारता मारता धूर डोळ्यांत गेला, पाणी आलं. कॅमेऱ्यामागची माणसं एकदम खूश झाली. तिला वाटलं, भाजीचा वास गेला असेल नाकात. आणि तसंच झालं. कॅमेरेवाल्यानं तीनदा भाजी मागून घेतली, चष्मेवाल्यानं कढई पुसून खाल्ली.

यंदा आखाडात तो सिनेमा वडशाला लागला. ऐन रोवण्याचे, म्हणजे धानाची रोपं लावण्याचे दिवस, पण शुक्रवारी अर्धा पिपरटोला चार काळीपिवळ्या भरून बाराच्या खेळाला हजर. पडद्यावर मुखरूची म्हैस आली तशा शिट्ट्या पडल्या. मग इंदुताईचा चेहरा आला, दोन पुरुष उंच. कलाबाईनं तिच्या मांडीवर थाप मारली. आणि तेवढ्यात एक गोड, थकलेला, अदृश्य बाईचा आवाज म्हणाला, "या जंगलात भूक रोजची पाहुणी असते. इथली आई लेकरांना गवत शिजवून घालते." मागून सारंगी रडू लागली. पडद्यावर धुरानं आलेलं पाणी इंदुताईच्या गालावरून ओघळलं, आणि टॉकीजभर "च्च, च्च" असा आवाज फिरला. शेजारच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला.

इंदुताई उभी राहिली. "गवत नाई ते," ती म्हणाली. "तरोटा हाये."

"खाली बस ना ओ बाई," मागून पुरुषी आवाज आला. "रडू त दे."

आणि ती बसली. पुढं सिनेमात काय झालं ते तिला आजही सांगता येत नाही. परतताना जीपमध्ये पहिल्यांदाच निकाल लागला नाही. बायका इकडचं तिकडचं बोलल्या. कलाबाई म्हणाली, "तू सुंदर दिसली पण."

"उपाशी दिसली," इंदुताई म्हणाली.

रविवारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. नात मयुरी रडत सांगू लागली की मैत्रिणींनी तिचा डबा उघडून पाहिला, आज गवत आहे का म्हणून. आणि दुपारी एसटीच्या कंडक्टरनं फाट्यावर एक कट्टा उतरवला. चंद्रपूरहून धनराजनं, म्हणजे तिच्या भाच्यानं, पाठवलेला. आत तांदूळ. त्यानं सिनेमा तिकडंच पाहिला होता, आणि लगेच फोनही केला. "आत्याबाई, कधी बोलली काऊन नाई वं तू? आम्ही मेलो होतो का?"

ज्या घराच्या कोठीत धान मावत नाही त्या घरात तांदळाचा कट्टा. म्हणजे वैनगंगेला कोणी तांब्याभर पाणी आणून घालावं, आणि वर तिचे डोळे पुसावे. मुखरू कट्ट्याकडे पाहून हसू लागला; बायकोचं तोंड पाहिलं तसा थांबला.

"उद्या वडशाले जाऊन राह्यली मी," इंदुताई म्हणाली.

"उद्या? उद्या रोवणा हाये. सोळा बाया सांगून ठेवल्या."

"त्याईच्यासंगं तू राह्य. धान उद्या नाई लागलं त परवा लागंल. माझं नाव उपाशी म्हणून रोवल्या गेलं, त ते कोण उपटंल?"

मुखरू उठून बांधीतलं पाणी पाहायला निघाला. लग्नाला चाळीस वर्षं झाली की माणसाला एवढं कळतं.

सोमवारी उजाडताच तिनं आणि कलाबाईनं दोन टोपल्या तरोटा खुडला. सगळ्यात मोठा गंज चुलीवर चढवला, मंडईतला, ज्यात साठ माणसांचं वरण होतं तो. तांदळाच्या भाकरी केल्या. पळसाची पानं बांधून घेतली. काळीपिवळीवाला म्हणाला, "ताई, गंजाचंही तिकीट पडंल." ती म्हणाली, "घे. तो बसूनच जाईल, लोंबकळणार नाई."

टॉकीजचा मॅनेजर हेमराज दारातच उभा होता. सरळ माणूस, पण नियमाचा. भिंतीवरच्या पाटीवर त्यानं बोट ठेवलं. "बाई, बाहेरचं खाणं आत चालत नाई."

"हे बाहेरचं कुठी हाये?" इंदुताई म्हणाली. "हे तुझ्या पडद्यातलं हाये. आतलंच. तुझ्या घरी मी शुक्रवारपासून दिवसातून चार चार खेप शिजवून राह्यली ते चालते, अन् गंजात आणली त चालत नाई?"

हेमराजनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग पोस्टरकडे पाहिलं. पोस्टरवर खालच्या कोपऱ्यात, म्हशीच्या बाजूला, ती होतीच.

"तुम्ही त्या?"

"मी ते. गवतवाली."

"ताई, सिनेमा मी नाई बनवला हो."

"दाखवून त तू राह्यला."

हेमराज डोकं खाजवत राहिला. आत नाही म्हणजे नाही, मालक ओरडेल, असं तो शेवटपर्यंत म्हणाला. इंदुताईनंही आत जाण्याचा हट्ट केला नाही. टॉकीजच्या छपराखाली, समोसेवाल्याच्या बाजूला, तिनं गंज मांडला आणि पदर खोचून बसली. "इथी त तुझा मालक नाई ना ओरडत?" हेमराज तिकीटखिडकीत निघून गेला.

तिचा प्रसंग मध्यंतराच्या अगदी आधी होता. घंटी वाजली, दारं उघडली, माणसं डोळे चोळत उजेडात आली. इंदुताईनं आवाज दिला, "रडलात का? या. आता खा."

पहिल्यांदा कोणी पुढं येईना. मग एक बाई थबकली. "अव माय, ही तेच." घोळका जमला. लोक तिच्याकडे अशा नजरेनं पाहू लागले की तिला वाटलं आता कोणी हातावर पैसेच ठेवील. तसं होण्याआधीच तिनं पळसाच्या पानावर भाकर ठेवली, वर भाजीचा डाव ओतला, आणि सगळ्यांत पुढं उभ्या असलेल्या धिप्पाड माणसाच्या हातात ते पान दिलं. भातगिरणीवर पोती वाहणारा तो चैतू. त्यानं वास घेतला, एक घास खाल्ला, आणि चावता चावता थांबला.

"ताई," तो म्हणाला, "हा त तरोटा हाये."

"मग मी शुक्रवारी काय म्हणत होती?"

आवाज तिनं ओळखला होता. चैतूनं मान खाली घातली. "खाली बस म्हणणारा मीच होतो. दुसऱ्यांदा पाह्यला आलो." दुसरा घास तोंडात टाकून तो म्हणाला, "परवा माझ्या घरी हेच होतं. मी अजून मागून खाल्लं. अन् इथी अंधारात बसून त्याच भाजीवर डोळे पुसले. कसा येडा बोकोबा झालो मी."

यावर घोळका हसला, आणि हसल्यावर मात्र भूक लागते. पानं भराभर संपू लागली. एक चष्मेवाले गुरुजी होते. त्यांचं मत पडलं की सिनेमा कलात्मक आहे, त्यातल्या गोष्टी इतक्या शब्दशः घ्यायच्या नसतात. इंदुताईनं त्यांना विचारलं, "गुरुजी, तुमच्या घराचा फोटो काढून खाली 'पडकं' असं लिवलं, त तुम्ही कलात्मक म्हणून सोडसान का?" गुरुजींनी पान पुढं केलं. एक तरणी मुलगी, दिव्यानी नाव, कॉलेजात जाणारी, म्हणाली, "फोटोग्राफी छान हाये, काकू. जंगल काय दिसलं. पण दीड तास झाला, गावात एक माणूस हसला नाई. आमच्या इथी मयतीतही कोणी ना कोणी हसतेच." समोसेवाला तेवढा नाराज होता, त्याचं मत कोणी विचारलं नाही, म्हणून इंदुताईनं एक पान त्यालाही दिलं.

"लिवणाऱ्याचा दोष नाई," ती घोळक्याला म्हणाली. "तो उपाशीपोटी लिवत बसला असंल. उपाशी माणसाले सगळं गवतच दिसते."

घंटी वाजली. अर्धी माणसं आत गेली, अर्धी भाजीपाशी थांबली. हेमराजनं खिडकीतून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी इंदुताई गंज घेऊन आली तेव्हा तिथं झाडून, पाणी मारून ठेवलेलं होतं. कोणी ठेवलं, हे तो सांगेना. बुधवारी मात्र खिडकीच्या जाळीतून एक स्टीलचा डबा मुकाट्यानं बाहेर आला, आणि तिनं तो मुकाट्यानं भरून दिला.

बुधवारीच चैतूनं तिला एक खोचक सवाल केला. रोज येत होता तो, टोपली उतरवायला मदत करत होता. "ताई, हा सिनेमा पुण्यामुंबईकडंही चालून राह्यला. तिथल्या लोकाईनं त गवतच ऐकलं. त्या सगळ्याईले कुठी कुठी खाऊ घालसान?"

इंदुताईचा हात डावावर थांबला. हे तिच्याही मनात तीन दिवस घोळत होतं. सारंगी तिकडंही रडत असेल, अनोळखी बाया पदर डोळ्यांना लावत असतील, आणि तिथं छपराखाली बसायला ती नसेल.

"नाई पोचत मी तिथी," ती म्हणाली. "खरं हाये. पण ज्या मातीत तरोटा उगवते, तिथं तरी त्याले गवत म्हणू देत नाई. आधी घरचं झाडते माणूस, मग रस्त्याचं."

"अन् सिनेमावाल्यानं ऐकलं त रागावंल."

"रागावू दे. कढई पुसून खाल्ली होती त्यानं. त्याचा राग मले पचते."

गुरुवारी सिनेमाचा शेवटचा दिवस. शुक्रवारपासून दुसरा लागणार होता. रोवणा मुखरूनं सोळा बायांच्या शिव्या खात कसाबसा आटोपला होता, म्हणून तोही आला. इंदुताईनं गंज छपराखाली झाकून ठेवला, राखायला कलाबाईला बसवलं, आणि दोन तिकिटं काढली. तिला आत बसून पाहायचं होतं. शुक्रवारी ती सांगितल्यावर बसली होती. आज कोणी सांगण्याआधी बसली, मधल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर.

टॉकीज भरलेली होती. म्हैस आली, हसू आलं. मुखरूनं मान वर केली, जणू त्यानंच ती चालायला शिकवली. मग अंगण आलं, चूल आली, धूर आला. आज कोणी काही बोललं नाही, तर पुन्हा एकटीनं उठावं लागणार, हे तिनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. पायही तिनं जमिनीवर नीट रोवले होते.

गोड थकलेला आवाज सुरू झाला. "या जंगलात भूक रोजची पाहुणी असते. इथली आई लेकरांना..."

"तरोटा," चैतू मागून ओरडला.

"चण्याची डाळ टाकून," कोणी बाई म्हणाली.

"लसूण विसरली का वं?" आणि मग कुठल्या रांगेतून काय आलं ते वेगळं काढणं शक्य नव्हतं. जवस, लाल मिरची, "वाढा ना ओ इंदुताई," "मले दोन डाव." त्या बोलणाऱ्या बाईचं तोंड पडद्यावर नव्हतंच, आवाज होता फक्त, आणि तो आवाज त्या गलक्यात कुठं बुडाला ते कोणाला कळलं नाही. सारंगी तेवढी बिचारी एकटी रडत राहिली. मागं दारात हेमराज बॅटरी घेऊन उभा होता. गप्प बसा म्हणायचं त्याचं काम होतं. त्यानं बॅटरी विझवली.

इंदुताई उठली नाही. उठायची गरज पडली नाही. तिनं जमिनीवर रोवलेले पाय सैल सोडले, खुर्चीला पाठ टेकली, आणि सात दिवसांत पहिल्यांदाच आपली कढई धड पाहिली. कान मोकळे झाले की डोळ्यांना कसं दिसतं, तसं.

"काय पाह्यतं इतकं?" मुखरूनं विचारलं.

"लाकूड वलं होतं," ती म्हणाली. "अन् फुंकता फुंकता जाळ जरा जास्तच झाला. भाजी खालून लागली असंल."