पट्ट्याची गाठ

डेपोत तिला सगळे करवत म्हणत आणि तोंडावर म्हणत. पाठीमागे म्हणून उपयोगच नव्हता, तिच्या कानावर यायचंच. कंडक्टर होती ती. सुट्टे नाहीत म्हणणाऱ्याला खिसे उलटे करायला लावी, दारात लोंबकळणाऱ्याला दंडाला धरून आत ओढी, आणि कुणी "बाई, जरा नीट बोला" म्हणालंच तर सांगे, "हे नीटच आहे. वाकडं ऐकायचं असेल तर शेवटच्या स्टॉपपर्यंत बसा." तिच्या बसमध्ये आगाऊपणा करायची कुणाची टाप नव्हती.

तिची धाकटी जाऊही त्याच डेपोत कंडक्टर. घरात दोघींच्या मध्ये एक भिंत, आणि डेपोतल्या बायकांच्या खोलीत दोघींची कपाटं शेजारीशेजारी. बोलणं मात्र बंद. का, तर करवतीनं मागितलेली सकाळची पाळी धाकटीला मिळाली. आता बंद म्हणजे तोंडाला कुलूप नव्हे हं. लेकी बोले सुने लागे, तसं चालायचं. करवत आपल्या कपाटाला सांगे, "काही लोकांना साहेबांपुढे गोंडा घोळता येतो बाबा, आपल्याला नाही जमत." धाकटी आपल्या कपाटाला सांगे, "काही लोकांना पाळी कशाला हवी, त्यांना तर भांडायला चोवीस तास पुरत नाहीत." बाकीच्या बायका मुकाट्यानं बूट बांधत आणि कान टवकारून ऐकत.

तिकिटाचं यंत्र आणि चिल्लर भरलेली कातडी पिशवी खांद्यावरून आडवी, छातीवरून कमरेपर्यंत. दिवसभर तो पट्टा दाबतो, घासतो. खांद्याला, बगलेपाशी गाठी येतात, ठणकतात, शेकलं की बसतात. डेपोतल्या बायका याला पट्ट्याची गाठ म्हणत आणि मिरवत. नवी कंडक्टर घाबरली की जुनी तिचा हात धरून आपल्या गाठीवर ठेवी, "हे बघ, मलाही आहे. मेले का मी?" झालं निदान! डॉक्टर नको, फी नको.

मोठीबाईची गाठ तर डेपोत प्रसिद्ध. मोठीबाई म्हणजे सगळ्यांत जुनी कंडक्टर, करवतीला काम शिकवणारी. निवृत्तीच्या आधी तिच्या छातीत ही सुपारीएवढी टणक गाठ आली होती. दुखत नसे, म्हणून मोठीबाई म्हणे, "ही मुरलेली आहे. कच्ची दुखते, मुरलेली दुखत नाही." प्रत्येकीला हात लावून दाखवी. करवतीनंही लावला होता. पुढे मोठीबाई निवृत्त झाली आणि वर्षभरात गेली. घरी बसणं मानवलं नाही तिला, असं सगळ्या म्हणाल्या.

आणि आता करवतीला तशीच आली. उजव्या छातीत, पट्टा जातो तिथेच, आणि दुखत अजिबात नव्हती. बाईला चक्क अभिमान! एका नव्या कंडक्टरनं खांदा दुखतो म्हणून कुरकुर केली, तर करवतीनं शर्टाची बटणं काढून तिचा हात आपल्या छातीवर ठेवला. "दुखतेय का मला? मुरली ती. तुझीही मुरेल."

मग शर्ट टांगायला तिनं हात वर केला. शेजारी धाकटी होती. तिला दिसलं, गाठीवरची कातडी आत ओढली गेली होती आणि तिथे खळी पडली होती. मागच्याच आठवड्यात डेपोत तपासणीची गाडी आली होती. नर्सनं चित्रं दाखवली होती, न दुखणारी टणक गाठ, आत ओढलेली कातडी, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका म्हणून बजावलं होतं. करवत तिकडे फिरकली नव्हती. उलट "बसची वाट अडवून उभे आहात, गाडी काढा" म्हणून नर्सवरच खेकसली होती.

धाकटी कपाटाला म्हणाली, "त्या चित्रातल्यासारखंच दिसतंय रे."

करवत आपल्या कपाटाला म्हणाली, "लोकांची नजर कुठे कुठे जाते बघ. लाजा सोडल्यात अगदी."

धाकटीनं कपाट धाडकन आपटलं आणि सरळ तिच्याकडे वळली. "तुमच्याशी बोलतेय मी, जाऊबाई! उद्या दवाखान्यात चला."

"का? मला पोचवायची घाई झालीय?"

"पोचा हो खुशाल! पण मागे तुमच्या नवऱ्याचा डबा कोण भरणार? मी नाही भरायची, आत्ताच सांगून ठेवते!"

करवत काय ऐकणार, कप्पाळ! तिनं पिशवी उचलली आणि ती ड्यूटीवर गेली. धाकटी तडक कंट्रोलरकडे गेली. दुसऱ्या दिवशी करवतीला कळलं, तपासणीचा कागद आणेपर्यंत तिला बस मिळणार नाही. मग काय विचारता! डेपोच्या आवारात तिनं धाकटीला गाठलं. ड्रायव्हर चहा सोडून बघायला आले.

"माझ्या पोटावर पाय देतेस, सटवे? चल! चलच तू! त्या डॉक्टरच्या तोंडून ऐकवते तुला, ही पट्ट्याची गाठ आहे म्हणून. मग या सगळ्यांसमोर माझे पाय धरायचेस!"

"धरेन!" धाकटी ओरडली. "दोन्ही धरेन! चला!"

म्हणजे करवत दवाखान्यात गेली ती जीव वाचवायला नव्हे, जावेचं नाक कापायला. मॅमोग्राफीच्या यंत्रानं छाती दाबली तेव्हा तिनं यंत्रालाही शिव्या घातल्या. सोनोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढला. निकालाच्या दिवशी दोघी एका बाकावर दोन टोकांना बसल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "कॅन्सर आहे. पण लहान आहे, बगलेत पसरलेला दिसत नाही. वेळेत आलात, बरा होण्यासारखा आहे."

करवतीची जीभ तरी चाललीच. "पट्ट्यानं झाला ना?"

"नाही. पट्ट्यानं स्नायू आखडतो, दुखतो. कॅन्सर त्यानं होत नाही. कशाकशानं होतो ते सगळं अजून आम्हालाही माहीत नाही, शोध चालू आहे. छातीतल्या पुष्कळशा गाठी साध्याच निघतात. पण कुठली साधी, ते नुसता हात लावून मीही सांगू शकत नाही. न दुखणारी चांगली, असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"मोठीबाईनं. तिला होती ना. अशीच."

"मग त्यांनाही घेऊन या. तपासू."

"ती नाही. गेली."

"कशानं?"

घरी बसणं मानवलं नाही, हे शब्द करवतीच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच थिजले. शेवटी भेटायला गेली होती तेव्हा मोठीबाईचा हात बगलेपासून बोटांपर्यंत सुजला होता. पाठ दुखते म्हणून ती कळवळत होती. जन्मभर पिशवी वाहिली, दुसरं काय होणार, असं म्हणून सगळ्या घरी आल्या होत्या. करवतीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनंही हात लावला होता त्या गाठीला.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "त्यांना मुलगी आहे? तिला सांगायला हवं. आईला होता असं वाटत असेल तर तिनं दाखवून घ्यावं. रक्ताच्या नात्यात धोका वाढू शकतो. हेसुद्धा हजारो बायकांनी आपली माहिती दिली म्हणून कळलंय." आणि ऑपरेशनमध्ये कापून काढलेला भाग संशोधनासाठी ठेवला तर चालेल का, असंही त्यांनी विचारलं.

"ठेवा. घरी नेऊन काय शोकेसमध्ये मांडू?" करवत म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली.

ऑपरेशन झालं. पुढच्या औषधांनी केस गेले, तोंडाची चव गेली, फक्त जीभ तेवढी शाबूत राहिली. नवऱ्याचा डबा धाकटीच भरत होती आणि रोज भिंतीपलीकडून ते ऐकवतही होती. डेपोतल्या बायका भेटायला आल्या, त्यातली एक हळहळली, "मेला पट्टाच नडला हो." करवत अंथरुणातून उठून बसली. "पट्टा नाही नडला, भवाने! तू, मी आणि आपलं शहाणपण नडलं! उद्याच्या उद्या सगळ्या जाऊन तपासून या, नाहीतर या घराची पायरी चढू नका!"

धड उभं राहवत नव्हतं, तरी ती एका दुपारी डोक्याला रुमाल बांधून, धाकटीच्या दंडाला धरून मोठीबाईच्या मुलीकडे गेली. मुलगी शिवणकाम करी. गळ्यात टेप तशीच ठेवून तिनं दार उघडलं आणि दारातच सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"म्हणजे माझ्या आईला कॅन्सर होता, हे तुम्ही आता सांगायला आलात?"

"आम्हाला कळलंच नाही गं. खात्री आजही नाही. पण गाठ होती. तिनं आम्हाला दाखवली होती, हात लावून."

"मला नाही दाखवली कधी." मुलीचा आवाज चिरकला. "डेपोतल्या सगळ्यांनी हात लावला?"

"सगळ्यांनी."

"आणि एकीनंही तिला डॉक्टरकडे नेलं नाही?"

अख्ख्या बसला गप्प करणारी करवत, आणि मुलीनं दार तिच्या तोंडावर लावून घेतलं. आतून शिव्या ऐकू आल्या, मग रडणं.

"चला जाऊबाई," धाकटी म्हणाली. "पुन्हा येऊ."

करवत पायरीवर बसली. दम लागला होता, रुमाल घामानं भिजला होता.

"घालू दे शिव्या. जन्मभर घालू दे," ती म्हणाली. "पण त्यासाठी ती जगायला नको?" आणि बसल्या बसल्याच तिनं मागे हात नेऊन पुन्हा दार वाजवलं.